आडत व्यापारी आजोबांच्या स्मृतिलेखात काय असावे?

प्रश्न: लातूरच्या बाजार समितीत आयुष्यभर आडत (शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देण्याचा व्यवसाय) चालवणारे आमचे आजोबा गेल्या वर्षी निवर्तले. वर्षश्राद्धाच्या स्मृतिलेखात व्यापार, कुटुंब आणि वारकरी निष्ठा यांपैकी कशाला प्राधान्य द्यावे?

उत्तर १: सौदा, हमाली, तोलाई आणि पट्टी (विक्रीनंतर शेतकऱ्याला दिला जाणारा हिशेब) हा व्यवहार आधी लिहावा, कारण शेतकऱ्याच्या तुरीची पट्टी त्यांनी किती चोख केली, यावरूनच गळ्यातल्या तुळशीमाळेचे मोल वाचकाला कळेल. नुसती विशेषणे कोणी वाचत नाही.

उत्तर २: सहमत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्यांनी कोणाची उधारी सोडली, हे घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारावे. त्यांना असे तपशील पक्के आठवतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नाथषष्ठीला दुकान बंद ठेवून ते सुना-नातवंडांसह पैठणला जात, तेही लिहीन. जुन्या खातेवह्या आत्याकडे आहेत.