पृष्ठीय क्षती: समोरची की मागची?

जालनाकर: एका प्रदर्शनासाठी चित्रं तपासायच्या फॉर्मचं मराठी मी केलं आणि एका रकान्याला 'पृष्ठीय क्षती' असं नाव दिलं. चित्रं इंकजेटची, कापसाच्या मॅट कागदावर छापलेली, वर काच. आमच्या फ्रेमवाल्या मामांनी पृष्ठ म्हणजे पाठ धरलं. सातही फ्रेमींचे मागचे पुठ्ठे उचकटले आणि शेरा मारला, 'क्षती नाही'. समोर मात्र एकाच्या काळ्या भागात पांढरी रेघ, दुसऱ्यावर चकाकणारा पट्टा! या दोन्हींना शब्द सुचवा. आणि रकान्यालाही.

तत्सम: मामांचं अज्ञान, शब्दाचा काय दोष? भूपृष्ठ म्हणजे जमिनीचा वरचा थरच ना?

बीडकर: आणि पृष्ठवंशीय प्राणी? त्यांचा कणा काय पोटावर असतो? आमच्याकडे 'पृष्ठभागाला लागलं' म्हणा, लोक बसायला उशी देतील.

काचवाला: आम्ही दुकानात 'वरून लागलंय' म्हणतो, भागतं. पण त्या दोन खुणा एक नाहीत बरं का. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूनं, अगदी आडवी धरा. पट्टा चमकला पण रंग शाबूत दिसला, तर कागद नुसता घासून दबलाय; काळ्या पँटीला इस्त्रीची चकाकी येते तसं. रेघ पांढरी असेल तर शाई धरणारा लेपच निघालाय. ते पुसून जात नाही. आणि बारीक पांढरे ठिपके असतील तर तो कागदाचा कोंडा. छापायच्या आधी मऊ ब्रशनं झाडला नाही, की वरच्या शाईसकट नंतर गळतो.

परभणीची लेक: मांजर ओरखडते, काटा ओरबाडतो, बैलगाडी भिंतीला घासटते. आई या तिन्हींत कधी गल्लत करायची नाही. म्हणून पट्ट्याला 'घासटा', रेघेला 'ओरखडा'.

तत्सम: 'घासटा' कुठल्या कोशात आहे? 'घर्षणचिन्ह' लिहावं.

परभणीची लेक: आईच्या.

नांदेडी: लेप निघाला तर पोपडा म्हणा की. पर्पट, पापड, पोपडा असा सरळ प्रवास आहे.

बीडकर: हा प्रवास तुमच्या घरून निघालेला दिसतो. पोपडा भिंतीचा, जखमेची ती खपली.

अजिंठ्याजवळचा: भिंतीवरून आठवलं. लेण्यांत माती-भुशाच्या गिलाव्यावर रंग आहेत, तिथं पोपडा शोभतो. निजामाच्या काळात, १९२० नंतर, इटलीचे जाणकार आले होते. रंग धरून ठेवायला त्यांनी लाखेचा लेप दिला, तोच पुढं पिवळा पडला. लोकांना वाटायचं रंगच बिघडले. वरचं कोणतं अन् आतलं कोणतं, हाच घोळ.

काचवाला: तो घोळ आमच्याकडे रोजचा. चकचकीत कागदाचं चित्र छापल्या छापल्या फ्रेम केलं, की शाईतला ग्लायकॉल उडून काचेला आतून धुरकट चढतं. गिऱ्हाईक म्हणतं चित्र विटलं. काच काढून पुसली की झालं! आधी दिवसभर साध्या कागदाखाली ठेवलं तर ही वेळ येत नाही. माउंट, म्हणजे मधली पुठ्ठ्याची चौकट, न घालता काचेला टेकवलेलं मात्र ओलीनं चिकटतं. ते ओढायचं नाही, सगळा लेप काचेवर येतो.

नांदेडी: म्हणजे पोपडाच की!

तत्सम: कागदाला पोपडा नसतो.

लातूरकर: खपली म्हणजे गहू. पुरणपोळीला त्याच्यासारखा दुसरा नाही. सध्या चांगला कुठं मिळतो?

जालनाकर: माझा रकाना अजून कोराच आहे. 'दर्शनी बाजू' करून मामांना दाखवलं. म्हणाले, "दर्शनी? दाखवताच पैसे द्यायची हुंडी हाय का ही?"