ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी दोन कप्प्यांचा डबा का फसतो?

प्रश्न (कच्चा_आराखडा):
नमस्कार. मी प्रॉडक्ट डिझाइनचा विद्यार्थी असून, वाढत्या शहरांतील लहान घरांसाठी कचऱ्याचा डबा हा माझ्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. एकाच डब्यात मधोमध पडदी घालून मी बारा-बारा लिटरचे हिरवा आणि निळा असे दोन कप्पे केले, पायाने उघडणारे झाकण बसवले आणि तो ओळखीच्या नऊ घरांत वापरायला दिला. पहिला आठवडा उत्तम गेला. तिसऱ्या आठवड्यात पाहायला गेलो, तेव्हा सहा घरांत दोन्ही कप्प्यांत सरमिसळ कचरा होता आणि एका घरात डबा स्वच्छ धुऊन त्यात पाणी भरून ठेवले होते. (वाईट वाटले, पण डबा गळत नाही हे तेवढे सिद्ध झाले.) लोकांना वर्गीकरण कळत नाही असे म्हणावे, तर विचारल्यावर प्रत्येकाने ओले काय आणि सुके काय ते अचूक सांगितले. मग चूक नेमकी कुठे आहे? रंग, चिन्हे की झाकण, यांपैकी काय बदलून पाहावे?

उत्तर १ (पायरीवरची_बादली):
मी काही वर्षे कचरावेचकांच्या एका गटाबरोबर काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. डबा भरतो कसा, याचा आपण बारकाईने विचार केला आहे. तो रिकामा कसा होतो, हे मात्र पाहिलेले दिसत नाही. पडदी डब्यालाच जोडलेली आहे ना? मग दाराशी आलेल्या बाईंनी तो हिरव्या बाजूने कलता केला की निळ्या बाजूचे कागद आणि पिशव्याही त्याच बादलीत पडणार. एका हाताने झाकण वर धरायचे, दुसऱ्या हाताने अर्धा डबा थोपवायचा आणि तिसऱ्या हाताने तो उलटा करायचा, असे तीन हात कोणाकडेच नसतात. घरातल्या माणसाने स्वतः वेगळा केलेला कचरा आपल्या डोळ्यांदेखत एकत्र होताना दोनदा पाहिला, की तिसऱ्या दिवशी तो वेगळा करण्याचे कष्ट सोडून देतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

हाच प्रकार शहराच्या पातळीवर कैरोमध्ये झाला. तेथील झब्बालीन समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जिने चढून दारातून कचरा उचलत आणि त्यातील बहुतांश भाग पुन्हा वापरात आणत. 2003 मध्ये हे काम मोठ्या परदेशी कंपन्यांना देण्यात आले. त्यांच्या गाड्या अरुंद गल्ल्यांत शिरेनात, आणि दारातून कचरा देण्याची सवय असलेल्या रहिवाशांनी तो रस्त्यावरच्या पेटीपर्यंत नेऊन टाकावा अशी अपेक्षा ठेवली गेली. व्यवस्था विसकटली ती त्या शेवटच्या काही पावलांवर. म्हणून माझे मत असे, की डब्याचे आरेखन दाराशी होणाऱ्या त्या अर्ध्या मिनिटाच्या देवाणघेवाणीपासून सुरू करावे.

उत्तर २ (घनता_आणि_वजन):
वरील मुद्द्याशी सहमत आहे. फक्त मापाविषयी लिहितो. दोन्ही कप्पे समान का? जागतिक बँकेच्या 2018 च्या अहवालानुसार अल्प उत्पन्नाच्या देशांतील कचऱ्यात अन्नाचा आणि झाडपाल्याचा वाटा निम्म्याहून अधिक असतो, तर श्रीमंत देशांत तो सुमारे एक तृतीयांश असतो. पाच जणांचे घर माणशी अर्धा किलो कचरा करते असे धरल्यास ओला कचरा दिवसाला साधारण दीड किलो होतो आणि तो चार लिटरच्या भांड्यात सहज मावतो. आपण त्याला बारा लिटर दिले, म्हणजे तीन दिवस साठवण्याची मुभा दिली. तिसऱ्या दिवशी तळाशी पाणी निथळते, वास येतो आणि मग तो वास दाबण्यासाठी वरून कागद व प्लास्टिक कोंबले जाते. याउलट सुका कचरा वजनाने हलका पण जागा फार खाणारा असतो, त्याला बारा लिटर पुरत नाहीत. ओल्यासाठी लहान, गोल तळाचे, हाताने घासता येईल असे भांडे आणि सुक्यासाठी खिळ्याला टांगलेली मोठी पिशवी, एवढे पुरे आहे. पायाच्या झाकणाची बिजागरी तर काढूनच टाकावी. तिच्या फटीत अडकलेले खरकटे कोणीही साफ करत नाही.

उत्तर ३ (तिसरा_कप्पा):
झाकणाला इतक्या लवकर निकालात काढू नये. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डब्याच्या झाकणाला बाटली-कॅनच्या मापाचे गोल भोक ठेवल्याने पुनर्चक्रणासाठी वेगळ्या टाकल्या जाणाऱ्या बाटल्या-कॅनचे प्रमाण 34 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले होते. अर्थात ती सार्वजनिक इमारत होती. घरात ओट्यापाशी दोन्ही हात भरलेले असताना भोकाचा नेम कोण धरणार, ही शंका रास्त आहे.

मला खटकते ते वेगळेच. डायपर, सॅनिटरी पॅड, जखमेची पट्टी हे आपल्या डब्यात कुठे जाते? ते ओलेही नाही आणि विकले जाणारे सुकेही नाही. जागाच नसल्यामुळे ते जवळच्या कप्प्यात जाते, आणि पुढे वर्गीकरणाच्या शेडमध्ये कोणाच्या तरी उघड्या हातात येते. बंगळुरूमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये लागू केलेल्या पद्धतीत ओल्यासाठी हिरवा डबा, अशा टाकाऊ कचऱ्यासाठी लाल डबा आणि सुक्यासाठी पिशवी अशी विभागणी आहे. डबा आणि पिशवी यांतला फरक अंधारातही हाताला कळतो, त्यामुळे निदान सुक्यासाठी रंगावर विसंबावे लागत नाही.

कच्चा_आराखडा:
सर्वांचे मनापासून आभार. पडदीची गोष्ट वाचून मी आज डबा उलटा करून पाहिला आणि दोन्ही कप्पे खरोखरच एकत्र सांडले. आता चार लिटरचे सुटे भांडे, झाकणाचा लहान लाल डबा आणि टांगती पिशवी असा संच करत आहे. भांड्याला एक मूठ ठेवावी की दोन?

पायरीवरची_बादली:
एकही नको. काठ बाहेरून बोटभर वळवा, म्हणजे ओल्या हातमोज्यातूनही तो धरता येतो आणि बादलीच्या कडेवर आपटून झटकताही येतो. आणि पुढचा नमुना घरांत देण्याआधी कचरा नेणाऱ्या बाईंच्या हातात द्या. त्या तो किती वेळा आपटतात ते मोजा.