मदत हवी आहे: शाळेतल्या समुपदेशकाचं सुपरव्हिजन कुणी करावं? (नागपूर)

प्रश्न
सीबीएसई शाळा. एक समुपदेशक, दोन विशेष शिक्षिका, शिवाय मावशी आणि स्कूलबसमधल्या ताई. प्राचार्य महिन्याला समुपदेशकाचं रजिस्टर तपासतात, त्यालाच सुपरव्हिजन म्हणतात. नव्या सत्रापासून नीट घडी बसवायची आहे. कुणाला बोलवावं? मावशींना यात कसं घ्यावं?

उत्तर
रजिस्टर प्राचार्यांकडेच राहू द्या, पण केसची चर्चा, म्हणजे खरं सुपरव्हिजन, त्यांच्यासोबत नको. ज्यांच्या हाती आपल्या नोकरीचा गोपनीय अहवाल, त्यांच्यापुढे ‘इथे अडलंय’ असं कोण म्हणेल? सोप्या केसेस पुढे येतात, अवघड दबून राहतात. मुलांसोबत काम केलेला बाहेरचा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी तपासून. पंधरा दिवसांतून एक तास, दोनच केसेस. प्रत्येक केसचं एक पान: वय, इयत्ता, कुणी पाठवलं, काय केलं, कुठे अडलं, आज काय ठरवायचं. हा शेवटचा रकाना कोरा राहिला की तास गप्पांत जातो. मुलाचं नाव नको, आद्याक्षरंही नकोत. खर्च झेपत नसेल तर तीन-चार शाळांनी मिळून गट करा.

पोक्सोचं (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) मात्र आधीच लेखी ठरवा. लैंगिक अत्याचार कळला की कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. पुढच्या सुपरव्हिजनसाठी किंवा प्राचार्यांच्या परवानगीसाठी थांबायचं नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मूल जीव देण्याचं बोललं तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी पालकांना बोलवा, सुपरवायझरला फोन करा, मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय) मानसोपचार विभागात पाठवा. टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन): १४४१६.

आणखी एक उत्तर
मावशींसाठी: आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात, त्याआधी दोन तासांचं प्रशिक्षण आणि मग महिन्याला अर्धा तास. दिसलं तेवढंच सांगायचं. ‘सहावीतली मुलगी रोज पीटीच्या तासाला बाथरूममध्ये बसते’ एवढं पुरे. ‘तिला घरी त्रास आहे’ हा झाला अंदाज. मुलाला खोदून विचारायचं नाही, थेट समुपदेशकाला सांगायचं. लिहिता येत नसेल तर समुपदेशकाने मावशींसमोरच तारीख, वेळ, जागा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत.

घोळ होतो तो इथेच: मावशी वर्गशिक्षिकेला सांगतात, त्या कोऑर्डिनेटरला, आणि जो तो मुलाला बोलावून विचारतो. चौथ्यांदा सांगताना मूल गप्प होतं. आणि मावशींना ‘लक्ष घातलंय’ एवढं तरी नक्की कळवा, नाहीतर पुढच्या वेळी त्या येणार नाहीत.

प्रश्नकर्ता
मग प्राचार्यांना काय दाखवायचं?

उत्तर
इयत्तावार सत्रांची संख्या, बाहेर किती मुलं पाठवली, सुपरव्हिजनच्या तारखा. टिपणं कुलपात, किल्ली समुपदेशकाकडे.