जुनी रेड वाईन, मटण आणि कुंदा: जमेल का?

शहापूर_गल्ली:
२०१० सालची रिओहा ग्रान रेझर्वा (स्पेनची, बरीच वर्षं मुरवलेली रेड वाईन) आहे, एकच बाटली. उन्हाळाभर कपाटात आडवी होती, फ्रीजमध्ये नव्हती. रविवारी रात्री सहा माणसं जेवायला आहेत. मटणाचा तांबडा रस्सा, भाकरी आणि शेवटी कुंदा असा बेत आहे. बाटली किती तास आधी उघडायची? आणि या जेवणाबरोबर ती चालेल का?

टिळकवाडीकर:
आधी बाटली तपासा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ३५ च्या वर जातो. त्या उष्णतेनं आतली वाईन फुगते आणि बूच वर ढकलते. पन्नीखाली चिकट ओघळ दिसला किंवा बूच काठाच्या वर आलेलं असलं, तर हवा आत गेली असण्याची शक्यता मोठी. तरी उघडून चव बघाच, फक्त दुसरी एखादी बाटली हाताशी असू द्या.

शुक्रवारी ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला उभी करा. दोन दिवसांत गाळ तळाला बसतो. दारात ठेवू नका, प्रत्येक उघडझापीला हलते. वाढायच्या तासभर आधी बाहेर काढा. १६ ते १८ अंश योग्य. २५ च्या वर गेली की नाकात आधी अल्कोहोलच चढतं.

नुसतं बूच काढून ठेवण्यात काही अर्थ नाही, गळ्यातून हवा लागते ती जेमतेम रुपयाएवढ्या जागेला. वीसेक मिली ग्लासात घेऊन वास घ्या. बंद-बंद वाटली तर डिकँटरमध्ये (वाईन ओतून ठेवायच्या रुंद काचेच्या भांड्यात) वीस मिनिटं पुरे. मोकळी असली तर ओतून लगेच वाढा. तरुण वाईनसारखी तीन-चार तास आधी ओतून ठेवलीत, तर सुकी पानं, चामडं, सुकं अंजीर असे जे वास वयानं आलेत, ते ताटं मांडेपर्यंत उडून जातील.

ओतताना मोबाईलचा टॉर्च गळ्याखाली धरा आणि मध्ये न थांबता एका धारेत ओता. गाळाचा काळपट धागा बाटलीच्या खांद्याशी आला की थांबा. ४०-५० मिली मागं राहील, म्हणजे माणशी साधारण ११५ मिली.

निपाणीकर:
वरच्या वासांत तंबाखूच्या पानाचाही घाला. आमच्या गावाला तो ओळखायला शिकवावं लागत नाही!

आता बेताचं. तांबडा रस्सा या बाटलीसोबत नको हो. तिखटानं जीभ पोळलेली असली की अल्कोहोल जास्त जळजळतं, टॅनिन (वाईनमधला तुरटपणा) कडवट लागतं, आणि जुन्या वाईनचा हलका वास कांदा-लसूण मसाल्यापुढं टिकत नाही. त्याऐवजी मटण सुक्कं करा. एक किलोला पाच-सहा ब्याडगी, बिया काढून भिजवलेल्या: रंग भरपूर, तिखटपणा कमी. गरम मसाला नेहमीच्या निम्मा. टोमॅटो एकच, चिंच-आमसूल अजिबात नाही. सुकं खोबरं मात्र मंद आचेवर चांगलं तांबूस भाजा. रिओहा पारंपरिक पद्धतीनं अमेरिकन ओकच्या पिंपात मुरते, त्या लाकडाचा व्हॅनिला आणि खोबऱ्यासारखा वास वाईनमध्ये उतरतो. भाजलेलं खोबरं आणि ती वाईन एका घासात आली की दोघांचीही चव वर येते.

जोंधळ्याची भाकरी उत्तम. ठेचा, लिंबू आणि कच्चा कांदा ताटात नकोत.

कॅम्प_भागातून:
सुक्कं पटलं. पांढरा रस्सा कुणी सुचवायच्या आधीच सांगते, तोही नको. मिरची कमी असली तरी मिरे असतात, आणि वाफाळता रस्सा प्यायल्यावर वाईनचा घोट फिका लागतो. द्यायचाच असेल तर वाईन ओतायच्या आधी देऊन वाट्या उचला.

कुंद्याबरोबर ही वाईन देऊच नका. गोड घासानंतर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रेड आंबट-कडू लागते. गोडासोबतची वाईन त्या गोडापेक्षा गोड असावी लागते. कुंद्याला दहा वर्षांची टॉनी पोर्ट (पोर्तुगालची गोड वाईन) घ्या. आटवून खरपूस झालेल्या दुधाची चव आणि पिंपात मुरलेल्या पोर्टची अक्रोड-कॅरॅमलची चव छान जुळते. माणशी ५० मिली, १२ ते १४ अंशावर. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे सहज राहते, त्यामुळं वाया जात नाही.

शहापूर_गल्ली:
सुक्कं आणि टॉनी नक्की. बूच जुनं आहे, मध्येच तुटलं तर? आणि वाईन बिघडलीय हे कसं ओळखायचं?

टिळकवाडीकर:
स्क्रूनं जुन्या बुचाचा मधला भाग भुसा होऊन येतो. दोन पात्यांचा ओपनर मिळवा. लांब पातं आधी बूच आणि काचेच्या मध्ये सरकवा, मग आखूड; डावी-उजवीकडं डोलवत खाली न्या आणि पिळत वर ओढा. सरळ खाली दाबलंत तर बूचच आत जाईल. तुटलंच तर उरलेला तुकडा आत ढकला आणि स्वच्छ मलमलमधून गाळा. कापड आधी नुसत्या गरम पाण्यातनं काढा, साबणाचा वास वाईनला लगेच लागतो.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. काठाला विटेचा रंग दिसला तर ते वय आहे, दोष नाही. सगळीच तपकिरी दिसली आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आला, तर हवा लागली. ओल्या पुठ्ठ्याचा वास हा बुचाचा दोष, तो हवेत वाढतच जातो. उघडल्या-उघडल्या येणारा कुबट वास मात्र बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांत जातो, तेवढी वाट बघा आणि मगच ठरवा.