मदत हवी आहे: जुन्या मियाताची डिकी उघडत नाहीये

मंडळी, इथे जुन्या गाड्यांचा नाद असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माझ्याकडे १९९१ ची माझदा मियाता आहे, पहिल्या पिढीतली, ते वर-खाली होणारे दिवेवाली, १.६ लिटर इंजिन. न्यू जर्सीत राहतो, थंडीभर गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली होती. आता बाहेर काढली तर बाकी सगळं ठणठणीत आणि डिकीचं लॉक जाम. चावी पूर्ण आत जाते, केसभर हलते आणि अडते. त्याच चावीने दरवाजे उघडतात, गाडी चालू होते, म्हणजे चावी दुसरीच कुठली असंही नाही.

तुम्ही म्हणाल डिकीत एवढं काय अडलंय. तर बॅटरी! ह्या गाडीची बॅटरी पुढे नसते, डिकीत उजव्या कोपऱ्यात असते, पुढचं-मागचं वजन सारखं राहावं म्हणून कंपनीने तिकडे नेलीये. आणि ती आता शेवटचे आचके देतेय, स्टार्टर नुसता कण्हतो. स्पेअर व्हील, जॅक पण आतच. माझ्या गाडीला आतून डिकी उघडायचा खटका नाही, सीटच्या मधल्या बॉक्समध्ये जो आहे तो पेट्रोलच्या झाकणाचा.

डब्ल्यूडी-४० (जाम सोडवायचा तेलाचा स्प्रे) भरपूर मारून झालंय. जवळच्या एका गॅरेजवाल्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला ड्रिल मारून लॉक काढून टाकू, मला ते काही पटत नाहीये. सीटच्या मागून कार्पेट काढून आत हात घालता येईल का? आणि तोपर्यंत बॅटरी पूर्ण गेली तर काय करायचं? जाणकारांनी सांगा प्लीज, घरात आधीच 'विकून टाक तो खटारा' चालू आहे.

प्रतिसाद:
ड्रिल अजिबात नको, लोखंडाचा कीस खाली पडतो आणि तिथेच बॅटरी, कशाला उगाच. सीटमागच्या कार्पेटखाली पत्रा आहे, त्याच्या खाली पेट्रोलची टाकी आणि पंप, तिकडून डिकीत रस्ता नाही.

आधी बिघाड कुठे आहे ते ठरवा. चावी गोल गोल मोकळी फिरत असती तर मागचा दांडा नाहीतर त्याची प्लास्टिकची क्लिप तुटली असं म्हटलं असतं. चावी पूर्ण फिरून झाकण उघडत नसतं तर खालचा लॅच, म्हणजे झाकण धरून ठेवणारी कडी, अडकलाय. तुमची फिरतच नाही, म्हणजे भानगड बॅरलमध्येच, चावीबरोबर फिरणाऱ्या लॉकच्या गोल भागातच, आहे. तरी एक करून बघा, कोणालातरी झाकणावर दोन्ही तळव्यांनी दाबून धरायला सांगा आणि तेव्हाच चावी फिरवा. रबर बीडिंग फुगलं की झाकण वर ढकललं जातं आणि सगळा ताण लॅचवर येतो, मग लॉक जड जातं. आणि पक्कड लावून चावी पिळू नका हो, आत मोडली तर खरी मजा येईल.

प्रतिसाद:
बॅटरीचं टेन्शन घेऊ नका. पुढे बॉनेटखाली फ्यूजचा डबा आहे त्यात ८० अँपियरचा मेन फ्यूज दिसेल, जंप केबलचा (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट आणायची वायर) लाल चिमटा त्याच्या धातूला आणि काळा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. लाल चिमटा आजूबाजूला बॉडीला कुठे टेकणार नाही हे मात्र नीट बघा, जागा फार कमी आहे तिथे. डिकी न उघडता गाडी चालू होते.

प्रतिसाद:
चावी ओरिजिनल आहे की डुप्लिकेट? ह्या लॉकमध्ये पितळेच्या छोट्या पट्ट्या असतात, चावीच्या खाचांनी त्या सगळ्या एका पातळीत आल्या की बॅरल फिरतं. इग्निशन रोज वापरात, त्यामुळे ते आणि चावी दोन्ही बरोबर झिजतात आणि एकमेकांना सांभाळून घेतात. डिकीचं लॉक मात्र तुलनेनं कोरं राहतं, त्याला झिजलेली चावी चालत नाही. म्हणून दरवाजे उघडतात ह्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि त्याच चावीवरून कॉपी काढू नका, झीजसुद्धा कॉपी होते.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. चावी डुप्लिकेटच निघाली, आधीच्या मालकाने एकच दिली होती आणि तिच्यावर माझदाचं नाव पण नाही. झाकण दाबून बघितलं, फरक नाही पडला. मग चाव्या बनवणाऱ्याला गाठलं, म्हातारा माणूस, त्याने आधी चावी बोटाने चाचपली आणि हसला, खाचांची टोकं साबणाच्या वडीसारखी गोल झालेली. मग गेज लावून एकेक खाच मोजली, प्रत्येक माप कंपनीच्या जवळच्या मूळ मापाला नेलं आणि कोऱ्या चावीवर कापून दिली. पहिल्यांदा थोडी अडली, जरा मागे-पुढे केली आणि फिरली!! लॅचवर जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, ते पण खरवडून काढलं.

बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवतेय, चार्जरला लावलीये. आता बॅरलमध्ये ग्राफाइट पावडर टाकू का?

प्रतिसाद:
डब्ल्यूडी-४० मारलंय ना, मग ग्राफाइट नको, तेलात कालवून त्याचा चिखल होतो. टेफ्लॉनचा सुका स्प्रे मारा. आणि बॅटरी बदलाल तेव्हा सील्ड एजीएमच (आतलं आम्ल काचेच्या धाग्यांच्या थरात शोषलेली बंद बॅटरी) घ्या, साध्या बॅटरीचा गॅस बंद डिकीत साठतो. डिकीतल्या बॅटरीच्या गॅससाठी बारीक नळ्या बाहेर सोडलेल्या असतात, त्या नव्या बॅटरीला परत जोडायला विसरू नका.