प्रति: लोकरीच्या दुकानांसाठी प्रवास

हवी ती लोकर घरबसल्या मागवता येत असताना केवळ दुकाने पाहण्यासाठी प्रवास कशाला, हा वर विचारलेला प्रश्न लोकरीपुरता रास्त आहे. विणणाऱ्या माणसांच्या बाबतीत मात्र तो मला अजिबात पटत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर २०१० पासून शरद ऋतूत लोकर सप्ताह भरू लागला. त्यासाठी दर वर्षी एका टोपीचा नमुना विनामूल्य प्रसिद्ध होतो आणि जगभरातून येणारी मंडळी ती टोपी आपापल्या रंगांत विणून, डोक्यावर घालूनच येतात, त्यामुळे तिथल्या लरविक या मुख्य गावाच्या रस्त्यावर किंवा जेमिसन अँड स्मिथ या लोकरीच्या दुकानात अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त शोधावे लागत नाही. रंग कोणते निवडले, इथूनच गप्पा सुरू होतात.

शिवाय तिथली विणण्याची पद्धत शेजारी बसून पाहण्यासारखी आहे. घोड्याचे केस ठासून भरलेला, भोके पाडलेला चामड्याचा पट्टा कमरेला बांधतात आणि उजव्या सुईचे मागचे टोक त्या भोकात खोवतात. सुईचा भार पट्ट्याने पेलल्यामुळे उजवा हात फक्त धागा टाकण्यासाठी मोकळा राहतो. पूर्वीच्या बायका पाठीवर पीटने (जळणासाठी कापलेल्या दलदलीतल्या मातीने) भरलेल्या टोपल्या घेऊन चालता चालता विणत असत, ते याच पट्ट्याच्या आधाराने. भोक कोणते निवडायचे आणि सुई किती तिरपी ठेवायची, हे मला तरी चित्रफितीपेक्षा जाणत्या हातांजवळ बसूनच नीट उमगते.