विकत घेतलेल्या बॅकलिंकविषयी

हजार बॅकलिंकचे, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकचे, पॅकेज विकत घेतले की संकेतस्थळ महिन्याभरात गूगल शोधाच्या पहिल्या पानावर येते, असे काही जण म्हणतात; ते मत मला मान्य नाही. मात्र अशा लिंकमुळे संकेतस्थळ हमखास तळाला जाते, हा त्यावरचा प्रतिवादही आता तंतोतंत लागू होत नाही. गूगलने एप्रिल २०१२मध्ये पेंग्विन हा बनावट लिंक हेरणारा बदल आपल्या शोधप्रणालीत आणला तेव्हा तसे होत असे. सप्टेंबर २०१६मध्ये तो मुख्य प्रणालीचा भाग झाल्यापासून बनावट लिंक बहुतांशी मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे पाण्यात जातात आणि मॅन्युअल अॅक्शनची, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची, टांगती तलवार उरतेच.

बडोद्यात दांडिया बाजारात माझ्या मावसभावाचे पूजासाहित्याचे दुकान आहे. त्याच्या सर्च कन्सोलमधील (संकेतस्थळाच्या मालकांसाठी गूगलने दिलेल्या साधनातील) लिंकच्या अहवालात एका एजन्सीने करून दिलेल्या लिंकची लांबलचक यादी होती: पाने परदेशी, दुकानाशी काडीचाही संबंध नसलेली, आणि सगळीकडे अँकर टेक्स्ट, म्हणजे लिंकवर दिसणारे शब्द, एकच, ‘बेस्ट पूजा शॉप वडोदरा’. त्यांतून एकही गिऱ्हाईक आले नाही. पुढे त्याने गणेशपूजेच्या २१ पत्री, म्हणजे माका, आघाडा, शमी वगैरे, कशा ओळखाव्यात याचे छायाचित्रांसह पान लिहिले, तेव्हा एका मंडळाने आपणहून त्याची लिंक दिली आणि तिच्यावरून आजही लोक येतात. मंडळाच्या संकेतस्थळावर पैसे देऊन जाहिरात केली असेल, तर मात्र त्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ हे २०१९पासून उपलब्ध असलेले रेल (rel) मूल्य, म्हणजे ही लिंक कशा प्रकारची आहे हे गूगलला सांगणारी कोडमधील खूण, लावून घ्यावे. जुने ‘नोफॉलो’ही चालते.